युरोपात गॅस पाइपलाइनची कॅपॅसिटी कोणाला आणि कशी मिळते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बसून युरोपातल्या गॅस कंपन्यांचं शेड्युलिंग नाहीतर सेटलमेंट बघणारी माझ्यासारखी बरीच मंडळी आहेत, आणि नवीन जॉइन झालेला प्रत्येक जण सुरुवातीला साधारण हेच प्रश्न विचारतो. दर वेळी चहाच्या टेबलावर पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं. कायद्याची भाषा हवी असेल तर मूळ रेग्युलेशन आहेच, इथे कामापुरतं आणि थोडं माझं मत.

कॅपॅसिटी घेतली म्हणजे गॅस घेतला ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गॅस वेगळा आणि तो पाइपमधून न्यायचा हक्क वेगळा. पाइपलाइन चालवणारी कंपनी, म्हणजे टीएसओ, तुम्हाला एवढंच विकते की अमुक पॉइंटवर दर तासाला इतके किलोवॅट-तास एवढा गॅस तुम्ही आत घालू शकता किंवा बाहेर काढू शकता. गॅस तुम्ही कुठूनही आणा, नेदरलँड्सच्या टीटीएफ हबवर, म्हणजे गॅसच्या बाजारात, घ्या, नॉर्वेकडून घ्या, टीएसओला त्याचं काही नाही. आणि हक्क घेऊन वापरला नाही तरी फर्म, म्हणजे खात्रीच्या, कॅपॅसिटीचे पैसे द्यावेच लागतात, हे बिल पहिल्यांदा बघणाऱ्याला नेहमीच धक्का देतं.

आधी काय वाईट चाललं होतं की सगळ्या युरोपसाठी एकच नियम करावे लागले?

आधी प्रत्येक देशात एक-दोन मोठ्या कंपन्या, गॅस आयात करणारी तीच, पाइपलाइनही तिचीच किंवा तिच्या बहिणीची, आणि सीमेवरची कॅपॅसिटी वीस-वीस वर्षांच्या करारांनी आधीच बांधून टाकलेली. उरलीसुरली जी असेल ती जो पहिला येईल त्याला. आता पहिला कोण येणार, ज्याला जागा कधी मोकळी होतेय हे आधी कळतं तोच, बाहेरचा नवीन ट्रेडर अर्ज घेऊन गेला की उत्तर यायचं फुल आहे. आणि गंमत अशी की फुल असलेल्या पाइपमधून प्रत्यक्ष गॅस कमीच वाहत असायचा. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात आणि धरणारा येतच नाही तसला प्रकार, बाकीचे उभे आणि सीट रिकामी. या धंद्यात त्याला कॉन्ट्रॅक्च्युअल कंजेशन म्हणतात, म्हणजे कागदावरची गर्दी. पाइप खरंच भरलेला असेल तर ती फिजिकल कंजेशन, तिला नवीन पाइप किंवा नवीन कॉम्प्रेसर लागतो. कागदावरच्या गर्दीला फक्त चांगला नियम लागतो.

युरोपियन कमिशनने २००५ मध्ये वीज आणि गॅस क्षेत्राची मोठी चौकशी सुरू केली, २००७ च्या जानेवारीत अंतिम रिपोर्ट आला आणि त्यात हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. नंतर एकेक केस निघाल्या. सगळ्यात गाजलेली मेगल पाइपलाइनची. ही पाइपलाइन दक्षिण जर्मनीतून फ्रान्सकडे जाते, रुअरगॅस आणि गाझ द फ्रान्स यांनी १९७५ मध्ये ती मिळून बांधायचं ठरवलं आणि सोबत आपसात असंही लिहून घेतलं की या पाइपमधून येणारा गॅस एकमेकांच्या देशात विकायचा नाही. बाजार खुला झाल्यावरसुद्धा ते तसंच चालू ठेवलं. जुलै २००९ मध्ये कमिशनने ई.ऑन (रुअरगॅसची मालक) आणि जीडीएफ सुएझ (गाझ द फ्रान्सचं नवं रूप) दोघांना प्रत्येकी ५५.३ कोटी युरो दंड ठोकला, कोर्टाने २०१२ मध्ये तो प्रत्येकी ३२ कोटींवर आणला, पण संदेश जायचा तो गेला. इटलीच्या एनीला तर टॅग, टेन्प आणि ट्रान्झिटगॅस या तीन आयात पाइपलाइनमधला हिस्सा विकायचं कबूल करावं लागलं.

पण केस लढून एकेक कंपनी सरळ करायला जन्म जाईल, म्हणून सगळ्यांना लागू होणारा एकच नियम.

२००९ च्या रशिया-युक्रेन भांडणाचा यात काही हात आहे का?

आहे, पण लोक समजतात तेवढा थेट नाही. जानेवारी २००९ मध्ये युक्रेनमार्गे येणारा गॅस जवळपास दोन आठवडे बंद राहिला, बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाचे हाल झाले, आणि सगळ्यांना कळलं की पश्चिमेला गॅस असूनही तो पूर्वेकडे नेता येत नाही कारण पाइप एकाच दिशेने चालवायची सवय होती. त्यातून २०१० चं पुरवठा सुरक्षेचं रेग्युलेशन आलं, उलट दिशेने गॅस नेण्याची सोय करा असं सांगणारं. कॅपॅसिटी वाटपाचं काम त्याच्या आधीपासून चालू होतं, संकटाने फक्त घाई आणली.

हे नियम नक्की लिहिले कोणी?

जरा लांबची गोष्ट आहे. १९९९ पासून माद्रिदमध्ये रेग्युलेटर, कंपन्या आणि सरकारी अधिकारी एकत्र बसतात, त्याला माद्रिद फोरम म्हणतात, तिथे बरीच वर्षं नुसती चर्चा आणि स्वखुशीने पाळायची मार्गदर्शक तत्त्वं. स्वखुशीने म्हणजे कोणी पाळली नाहीत. मग २००९ मध्ये थर्ड एनर्जी पॅकेज आलं, त्यातल्या रेग्युलेशन ७१५/२००९ ने सांगितलं की गॅससाठी युरोपभर नेटवर्क कोड, म्हणजे पाइपलाइन वापरायचे सामाईक नियम, बनवायचे, आणि त्या पॅकेजने यासाठी दोन नव्या संस्था उभ्या केल्या. एक एसर, म्हणजे सगळ्या देशांच्या ऊर्जा रेग्युलेटरांची एजन्सी, ऑफिस स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला. दुसरी एन्टसॉग, म्हणजे टीएसओंची संघटना, ऑफिस ब्रसेल्सला.

क्रम असा की कमिशन विषय ठरवतं, एसर चौकट लिहितं, त्या चौकटीत एन्टसॉग प्रत्यक्ष कोड लिहितं, एसर तो तपासून मत देतं, मग देशांच्या प्रतिनिधींच्या कमिटीत मतदान आणि मग तो कायदा. कॅपॅसिटीच्या कोडची चौकट एसरने ऑगस्ट २०११ मध्ये दिली, एन्टसॉगने मार्च २०१२ मध्ये मसुदा दिला, एसरने त्यात चुका काढून परत पाठवला, त्यांनी दुरुस्त करून पुन्हा दिला, असं करत करत १४ ऑक्टोबर २०१३ ला रेग्युलेशन ९८४/२०१३ निघालं आणि १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झालं. २०१७ मध्ये त्याच्या जागी ४५९/२०१७ आलं, आज ऑफिसात कॅम कोड, म्हणजे कॅपॅसिटी वाटपाचा कोड, म्हटलं की हाच.

ज्यांच्या पाइपलाइन त्यांनाच नियम लिहायला दिले? हे कसं चालतं?

हा प्रश्न मलाही पडला होता आणि माझं मत विचाराल तर यात फार काही चुकीचं नाही. कुठल्या पॉइंटवर किती दाब चालतो, दोन देशांच्या कॉम्प्रेसरचा मेळ कसा बसतो, हे रेग्युलेटरच्या टेबलावर बसून कळत नाही. फक्त हातात लेखणी दिली तरी लाल पेन एसरकडे ठेवलं, आणि मसुद्यावर ट्रेडर, कारखानदार, गॅस उत्पादक सगळ्यांकडून जाहीर मतं मागवली. कोण काय बोललं ते सगळं छापलेलं आहे, वाचताना झोप येते पण कोणाचा कशात फायदा आहे हे लख्ख दिसतं. टीएसओंना लांब पल्ल्याची खात्रीची बुकिंग हवी, ट्रेडरना रोजच्या रोज घेता येईल अशी सुटी कॅपॅसिटी हवी, आणि जुन्या आयातदारांना आपल्या करारांना कोणी हात लावू नये एवढंच हवं.

बंडल कॅपॅसिटी म्हणजे काय, आणि तिला एवढं महत्त्व का?

माझ्या मते पूर्ण कोडचा जीव इथेच आहे, बाकी वेळापत्रक.

सीमेवर पाइप एकच असतो पण त्याच्या दोन बाजूंना दोन टीएसओ. समजा गॅस चेकियातून जर्मनीत न्यायचाय, वायडहाउसला. पूर्वी चेक बाजूची बाहेर पडायची कॅपॅसिटी त्यांच्याकडून घ्यायची आणि जर्मन बाजूची आत शिरायची वेगळी इकडच्या टीएसओकडून. दोघांची वेळापत्रकं वेगळी, अर्ज वेगळे, कराराच्या मुदती वेगळ्या, एकाकडे १०० मिळालं आणि दुसऱ्याकडे ६० तर वरच्या ४० चे पैसे पाण्यात. आणि ज्याच्याकडे एका बाजूची सगळी कॅपॅसिटी जुन्या करारात अडकलेली आहे तो दुसऱ्या बाजूला कोणालाच येऊ देत नाही, भिंत न बांधता भिंत.

बंडल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच ऑक्शनमध्ये, एकच प्रॉडक्ट म्हणून विकायच्या. गॅस एका देशाच्या हबवरून निघून थेट दुसऱ्या देशाच्या हबवर पोचतो, मधे सीमेवर हस्तांतर नाही. यामुळे सीमेवरच गॅस विकायची जुनी पद्धत, ज्यात अनेक लांब पल्ल्याचे आयात करार बसलेले होते, हळूहळू अडचणीत आली. अर्थात तोच हेतू होता.

मग जुन्या वीस वर्षांच्या करारांचं काय केलं?

सगळ्यात मोठी मारामारी यावरच झाली. एसरच्या २०११ च्या चौकटीत एक कलम होतं ज्याला सगळे सनसेट क्लॉज म्हणायचे, कोड लागू झाल्यापासून पाच वर्षांत जुने सुटे, म्हणजे एकाच बाजूचे, करारसुद्धा बंडल करायचेच असं. जुने आयातदार उखडले, म्हणाले आम्ही सही केलेला करार तुम्ही मधेच कसा बदलता, गॅसचा करार अमुक सीमेवर डिलिव्हरी असा आहे आणि तुम्ही तो पॉइंटच नाहीसा करताय. शेवटी कायद्यात आलं ते बरंच मऊ: दोन्ही बाजूंच्या कंपन्यांनी आपसात बोलून लवकरात लवकर बंडल करायचा प्रयत्न करावा. प्रयत्न. ज्यांनी हे कलम मऊ केलं त्यांच्यावर तेव्हा खूप टीका झाली, मला मात्र वाटतं की ते सक्तीने केलं असतं तर कोर्टकचेरीत दहा वर्षं गेली असती आणि तोवर तसेही बहुतेक करार संपत आलेच होते. २०१७ च्या कोडने एक कामाची सोय दिली, ज्याच्याकडे एका बाजूची सुटी कॅपॅसिटी पडून आहे आणि दुसऱ्या बाजूची फक्त बंडलमध्येच मिळतेय त्याला जानेवारी २०१८ पासून टीएसओने फुकट कन्व्हर्जन करून द्यायचं, म्हणजे एकाच बाजूचे दोनदा पैसे नकोत.

कोणकोणती प्रॉडक्ट असतात आणि ऑक्शन कधी?

पाच. वार्षिक, तिमाही, मासिक, दैनिक आणि विदिन-डे. गॅस वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, जानेवारीत नाही, हे डोक्यात बसवा नाहीतर एक्सेलमध्ये चुका होणारच.

वार्षिक ऑक्शन जुलैच्या पहिल्या सोमवारी, पुढच्या पंधरा वर्षांपर्यंतची कॅपॅसिटी त्यात येऊ शकते. जुन्या कोडमध्ये हे मार्चमध्ये होतं. तिमाही ऑक्शन वर्षातून चारदा, ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे महिन्यांच्या पहिल्या सोमवारी. मासिक दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, पुढच्या महिन्यासाठी. दैनिक रोज, ब्रसेल्सच्या घड्याळाने दुपारी साडेचारला उघडतं आणि अर्ध्या तासात बंद, आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे नऊ आणि उन्हाळ्यात आठ. म्हणून तर सेकंड शिफ्ट. विदिन-डे दर तासाला, आणि आत्ता बोली लावली तर कॅपॅसिटी त्या तासापासून चार तासांनी चालू होते, लगेच नाही.

गॅस दिवससुद्धा सगळीकडे एकच केला, मध्य युरोपच्या वेळेने सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. आपले हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. ब्रिटनमध्ये आधी त्यांच्या घड्याळाने सकाळी सहाला दिवस सुरू व्हायचा, तो २०१५ च्या ऑक्टोबरपासून पाचला आणावा लागला. एक तास सरकवण्यात काय एवढं असं वाटेल, पण प्रत्येक मीटर, प्रत्येक करार आणि समुद्रातल्या प्लॅटफॉर्मपर्यंतची सिस्टिम बदलायची म्हणजे खर्च असतो, बरीच कुरकुर झाली.

ऑक्शन प्रत्यक्षात चालतं कसं?

दोन प्रकार. दैनिक आणि विदिन-डेला साधं, प्रत्येकाने आपली किंमत आणि क्वांटिटी लिहायची, वरच्या बोलीपासून खाली वाटत यायचं, आणि शेवटची जी बोली बसली तिच्या किंमतीला सगळ्यांना.

वार्षिक, तिमाही, मासिकला असेंडिंग क्लॉक. समजा पॉइंटवर १०० युनिट आहेत. पहिला राउंड तीन तासांचा, किंमत म्हणजे रिझर्व्ह प्राइस, किमान किंमत, जी टॅरिफमधून, म्हणजे पाइपलाइनच्या ठरलेल्या दरातून, येते. सगळ्यांची मागणी मिळून १०० किंवा कमी भरली तर संपलं, त्याच किंमतीला घ्या आणि घरी जा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक ऑक्शन असेच पहिल्याच राउंडला संपतात, कोणाला रोमांचक काहीतरी बघायचं असेल तर निराशा होईल. पण मागणी १४० आली तर किंमत एक मोठी पायरी वर, पुढचे राउंड एकेक तासाचे. आता मागणी १२०, अजून एक मोठी पायरी, मागणी ९०. म्हणजे आता दहा उरले, याला फर्स्ट-टाइम अंडरसेल म्हणतात, आणि मग घड्याळ एक मोठी पायरी मागे जाऊन तिथून छोट्या छोट्या पायऱ्यांनी वर चढतं, मोठ्या उडीत राहून गेलेली बरोबर किंमत शोधायला.

दोन गोष्टी विसरू नका. पहिल्या राउंडला बोली लावली नाही तर नंतर शिरता येत नाही. आणि किंमत चढताना तुमची क्वांटिटी तेवढीच राहू शकते किंवा कमी होऊ शकते, वाढवता येत नाही. पहिल्या राउंडला ज्याने घाबरत घाबरत कमी टाकलं त्याला नंतर शहाणपण सुचून उपयोग नाही.

रिझर्व्ह प्राइसच्या वर मिळालेले पैसे टीएसओच्या खिशात जातात का?

नाही, त्यांचं उत्पन्न रेग्युलेटरने बांधलेलं असतं, वरचा प्रीमियम हिशेबात धरून पुढे टॅरिफ कमी करायला किंवा अडथळा दूर करायला वापरला जातो. दोन टीएसओंनी वेगळं काही ठरवलं नसेल तर बंडलचा प्रीमियम निम्मा निम्मा. शॉर्ट टर्म प्रॉडक्टची किंमत वार्षिकच्या तुलनेत किती पट ठेवायची यालाही मर्यादा आहे, तिमाही-मासिकला १ ते १.५ पट, दैनिक आणि विदिन-डेला १ ते ३ पट, हे टॅरिफच्या वेगळ्या कोडमध्ये आहे.

ऑक्शन आहे तर मोठी कंपनी पंधरा वर्षांचं सगळंच उचलून नेईल की?

म्हणून २० टक्क्यांचा नियम. पॉइंटच्या एकूण तांत्रिक कॅपॅसिटीतला किमान पाचवा हिस्सा लांबच्या वर्षांसाठी विकायचाच नाही, त्यातला अर्धा पाच वर्षांच्या आतल्या वार्षिक ऑक्शनसाठी आणि अर्धा तिमाहीसाठी राखायचा. नव्याने बांधलेल्या कॅपॅसिटीत हा राखीव भाग १० टक्के.

घेऊन ठेवली आणि वापरलीच नाही तर?

त्यासाठी कंजेशनचे नियम आहेत, ते कॅम कोडच्याही आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये आले. टीएसओ थोडी जास्तीची कॅपॅसिटी विकू शकतो आणि अडचण आली तर परत विकत घेतो. कंपनी आपणहून नको असलेली परत करू शकते. आणि ज्याने वर्षापेक्षा जास्तीचा करार करून उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही सहामाहीत सरासरी ८० टक्क्यांपेक्षा कमी वापर केला, कारणही नीट देता आलं नाही, त्याच्याकडून रेग्युलेटर ती काढून घेऊ शकतो. काही देशांत अजून एक कडक प्रकार, आदल्या दिवशी नॉमिनेशन, म्हणजे उद्या किती गॅस नेणार ती सूचना, दिल्यानंतर ते बदलायला मर्यादा, करारातल्या कॅपॅसिटीच्या ९० टक्क्यांच्या वर किंवा १० टक्क्यांच्या खाली नेता येत नाही, म्हणजे उरलेली दुसऱ्याला दैनिकमध्ये विकता येते. काढून घेण्याची तलवार फार कमी वेळा उपसली जाते पण टांगलेली आहे एवढंही पुरतं.

ऑक्शन चालवणारे बुकिंग प्लॅटफॉर्म तीन का? एकच का नाही?

कायद्यात एक किंवा मोजकेच असं लिहिलं आणि सगळ्यांनी मोजकेच हा शब्द पकडला. प्रिझ्मा लाइपझिगचा, एप्रिल २०१३ पासून, म्हणजे कोड कायदा व्हायच्या आधीच जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया, डेन्मार्कच्या टीएसओंनी मिळून चालू केलेला. पोलंडच्या गाझ-सिस्टेमने आपला जीएसए काढला, हंगेरीच्या एफजीएसझेडने आरबीपी. बहुतेक सीमांवर दोन्ही बाजूंचे टीएसओ कुठला वापरायचा ते ठरवून घेतात, पण जर्मनी-पोलंड सीमेवर माल्नोला जुळेचना, जर्मन म्हणे प्रिझ्मा आणि पोलिश म्हणे जीएसए, रेग्युलेटरांचंही जुळलं नाही, मग एसरला निर्णय द्यावा लागला आणि त्यावरही अपील झालं. बाजार एकत्र आणायला निघालेली माणसं लॉगिन स्क्रीन कोणाचा यावर अडली. आपल्याला काय, तीन पासवर्ड लक्षात ठेवायचे.

२०२१ मध्ये सगळे गॅझप्रॉमच्या बुकिंगवर डोळे लावून का बसायचे?

पोलंडमधून जाणाऱ्या यमल-युरोप पाइपलाइनचा जुना ट्रान्झिट करार मे २०२० मध्ये संपला. त्यानंतर गॅझप्रॉमला, म्हणजे रशियाच्या सरकारी गॅस कंपनीलासुद्धा, बाकीच्यांसारखं ऑक्शनमध्येच कॅपॅसिटी घ्यावी लागायची, आणि ती लांबची न घेता महिन्या-महिन्याची किंवा रोजची घ्यायची किंवा घ्यायचीच नाही. म्हणजे तिसरा सोमवार आला की ट्रेडिंग डेस्क रिझल्टकडे टक लावून, पुढच्या महिन्यात किती गॅस येणार याचा तो पहिला इशारा, आणि बुकिंग कमी दिसलं की टीटीएफचा भाव उसळायचा. २० डिसेंबर २०२१ हा असाच तिसरा सोमवार, जानेवारीचं मासिक ऑक्शन, आणि दुसऱ्याच दिवशी माल्नोला गॅसची दिशा उलटी झाली, जर्मनीतून पोलंडकडे. टीटीएफ त्या दिवशी मेगावॅट-तासाला १८० युरोच्या आसपास गेला.

आता यात नियम कुठे चुकला? कुठेच नाही, आणि हीच अडचण. सगळं डिझाइन या गृहीतकावर की लोक कॅपॅसिटी अडवून बसतील, त्यांना सोडायला कसं लावायचं. विकायला ठेवली आणि ज्याच्याकडे गॅस आहे त्याने घेतलीच नाही, तर कोड काय करणार. सक्तीने विकत घ्यायला लावणारं कलम कुठल्याच कायद्यात बसत नाही.

२०२२ नंतर काय बदललं?

दिशा. पूर्वेकडून येणाऱ्या पाइपमध्ये कॅपॅसिटी ओस पडली आणि पश्चिमेकडच्या एकदम भरल्या. ब्रिटनमध्ये एलएनजीची, म्हणजे द्रवरूप गॅसची, जहाजं येत होती पण तिथून खंडात यायला दोनच पाइप, बॅक्टनहून बेल्जियमच्या झीब्रुगला जाणारा आणि नेदरलँड्सला जाणारा बीबीएल. दोन्ही तुडुंब, त्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात ब्रिटनचा हब एनबीपी, त्याचा भाव टीटीएफच्या खूप खाली पडला होता. पाण्याच्या अलीकडे गॅस स्वस्त आणि पलीकडे महाग, अशा वेळी मधल्या कॅपॅसिटीला सोन्याचा भाव येतो आणि ऑक्शन प्रीमियम किती चढला ते विचारू नका. एरवी पहिल्या राउंडला संपणारी ऑक्शन त्या वर्षी लांबत गेलेली बघितलीत आम्ही. मला तरी हा नियमांचा खरा कस वाटला, कारण एवढ्या उलथापालथीत कॅपॅसिटी ओळखीपाळखीने न जाता जो जास्त मोजेल त्याला गेली आणि गॅस जिथे महाग तिथे वाहिला. गरीब ग्राहकाला त्याचा त्रास झाला हे खरंच, पण त्याचा इलाज पाइपच्या लिलावात नाही.

हे नियम प्रत्येक पाइपलाइनला लागू आहेत का?

नाही. युरोपियन युनियनमधल्या देशांच्या मधल्या पॉइंटना लागू, देशातल्या घरगुती वितरणाला नाही, एलएनजी टर्मिनल आणि स्टोरेजला नाही. मोठ्या नवीन पाइपलाइनना सूट मिळू शकते, उदाहरणार्थ अझरबैजानचा गॅस इटलीत आणणाऱ्या टॅपला मिळाली. सूट म्हटलं की भांडण आलंच, नॉर्ड स्ट्रीमचा गॅस लुबमिनहून चेक सीमेपर्यंत नेणाऱ्या ओपालवर गॅझप्रॉमला निम्मीच कॅपॅसिटी वापरायची अट होती, कमिशनने २०१६ मध्ये ती सैल केली, पोलंड कोर्टात गेला, २०१९ मध्ये जिंकला आणि २०२१ मध्ये वरच्या कोर्टातही जिंकला.

नवीन पाइप हवा असेल तर?

२०१७ च्या कोडमध्ये त्यासाठी इन्क्रिमेंटल प्रोसेस आहे. किमान दर विषम वर्षी जुलैच्या ऑक्शननंतर टीएसओ मागणी चाचपतात, पुरेशी दिसली तर प्रोजेक्ट आखून त्या कॅपॅसिटीची बोली ठेवतात, आणि बांधून होणाऱ्या खर्चाचा ठरलेला हिस्सा बुकिंगमधून निघत असेल तरच पुढे जायचं. तोंडाने हवं हवं म्हणणारे खूप असतात, सही करायची वेळ आली की खोली रिकामी.

आपल्या भारताशी याचा काही संबंध?

नियमांचा थेट नाही, किंमतीचा आहे. २०२२ मध्ये युरोपने जहाजातला एलएनजी जास्त पैसे देऊन ओढला, त्यात गेलला गॅझप्रॉमच्या पूर्वीच्या जर्मन उपकंपनीकडून मिळणारा करारातला एलएनजीही थांबला, आणि मुंबई-पुण्यात सीएनजीची लाइन लावणाऱ्याला ते खिशात जाणवलं. आपल्याकडे पाइपलाइनची काही कॅपॅसिटी सगळ्यांसाठी खुली ठेवायचा नियम पीएनजीआरबी या आपल्या रेग्युलेटरचा आहे, २०२० पासून आयजीएक्स हे गॅस एक्स्चेंज आहे, २०२३ पासून युनिफाइड टॅरिफ आहे. दाभोळ-बेंगळुरू लाइनवर कोणाला किती जागा मिळते हे युरोपसारखं ठरलेल्या सोमवारी सगळ्यांसमोर लिलावात ठरत नाही एवढं खरं. पण आपल्याकडे सीमेपलीकडचा दुसरा टीएसओच नाही, त्यामुळे बंडलचा प्रश्न येत नाही आणि उगाच त्यांचा कोड जसाच्या तसा उचलायचं काही कारण नाही.

हायड्रोजन आला की हे सगळं रद्द होणार का?

लगेच नाही. जून २०२४ चं रेग्युलेशन १७८९/२०२४ जुन्या ७१५ च्या जागी आलं आणि हायड्रोजनच्या नेटवर्कसाठी वेगळी संस्था आणि वेगळे नियम येतायत. नैसर्गिक गॅसचा कॅम कोड चालूच आहे. मला स्वतःला शंका आहे की हायड्रोजनमध्ये पहिली काही वर्षं पुन्हा लांब पल्ल्याचेच करार होतील, कारण इतका महाग पाइप रोजच्या तिकिटावर कोणी बांधून देणार नाही.

ऑक्शनचे आकडे बाहेरच्या माणसाला बघायला मिळतात का?

हो, फुकट. एन्टसॉगच्या ट्रान्सपरन्सी प्लॅटफॉर्मवर प्रत्येक पॉइंटची तांत्रिक, बुक झालेली आणि उरलेली कॅपॅसिटी आणि प्रत्यक्ष फ्लो दिसतो, आणि तिन्ही बुकिंग प्लॅटफॉर्म ऑक्शनचे रिझल्ट लॉगिनशिवाय दाखवतात, फक्त कोणी घेतलं ते नाव नसतं. नवीन असाल तर एकच पॉइंट निवडा, माल्नो किंवा वायडहाउस, आणि बुकिंग आणि फ्लो या दोन रेषा एकाच ग्राफवर काढून बघा. डाउनलोड करताना वेळ युटीसीत आहे की स्थानिक ते आधी तपासा आणि युनिट दिवसाचं आहे की तासाचं तेही, नाहीतर चोवीस पटीने चुकलेला ग्राफ घेऊन मीटिंगमध्ये बसाल.